दंड लिहिलाय, पगार कुठे लिहिलाय?

हॉस्टेलवर रात्री अकरानंतर दोनच विषय निघतात. पहिला विषय इथे छापता येणार नाही. दुसरा म्हणजे पॅकेज! कोणाला कुठे लागलं, किती मिळालं, हातात किती येतात. कॉम्प्युटरवाले 'लाखात' बोलतात, मेकॅनिकलवाले 'पुण्यात' बोलतात आणि आम्ही सिव्हिलवाले आपले गप्प बसतो. कारण आम्हाला विचारलं तर उत्तर एकच, "साइटवर आहे. राहणं-खाणं कंपनीचं." पगाराचा आकडा कोणी सांगत नाही, आणि तो दर महिन्याला मिळतो का हे तर कोणी विचारतच नाही.

म्हणून हा लेख. विषय जरा रुक्ष आहे: सरकारी कामांच्या कंत्राटात आणि सब-कॉन्ट्रॅक्टमध्ये इंजिनिअरच्या पगाराचा नियम काय? पण सिव्हिलचे नसाल तरी पान उलटू नका. उद्या तुमचंही पोस्टिंग एखाद्या सरकारी खात्यात 'थ्रू एजन्सी' होऊ शकतं.

मी पोलादपूर तालुक्यातला. आमच्याकडे पूर्वीपासून घरटी एक माणूस मुंबईला. गणपतीला आणि शिमग्याला गाव भरतो, एरवी म्हातारी माणसं आणि कुलुपं. मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण निघालं, कशेडी घाटाखाली बोगदा खोदायला सुरुवात झाली, तेव्हा आमच्या गावातल्या जाणत्या माणसांनी हिशोब मांडला. "पोरगा इंजिनिअर झाला तर आता मुंबई कशाला? काम आपल्या दारातनं चाललंय!" हिशोब चुकीचा नव्हता. महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात हायवे आहे, बोगदा आहे, नद्यांवरचे पूल आहेत, गावोगावच्या पाणीयोजना आहेत, दरडी रोखायच्या भिंती आहेत. कामाला तोटा नाही. पण काम सरकारचं आहे म्हणून पगारही सरकारी नियमाने होत असेल, अशी जी एक भाबडी समजूत आपल्या घरच्यांची असते, ती मात्र खरी नाही.

आमच्या विंगमधला एक सीनिअर एका सरकारी कामावर लागला. कुठलं काम, कुठली कंपनी ते लिहीत नाही, त्याची नोकरी जायची! काम मोठ्या कंपनीला मिळालेलं. तिने त्यातला एक तुकडा दुसऱ्याला दिला. दुसऱ्याने स्ट्रक्चरचं काम पेटी कॉन्ट्रॅक्टरला दिलं. आमच्या दादाच्या हेल्मेटवर मोठ्या कंपनीचं नाव, तो सह्या करतो त्या कागदावर सरकारी खात्याचं नाव आणि पगार मात्र तिसऱ्याच एका मॅनपॉवर एजन्सीच्या नावाने. महिना १८ हजार ठरले होते. चार महिन्यांत दोन पगार झाले. विचारलं की उत्तर ठरलेलं, "वरून बिल आलं नाही."

आता पुढचं ऐका. एका रात्री काँक्रीटची गाडी घाटात अडकून उशिरा आली. दादाने स्लम्प घेतला, तो बसत नव्हता. त्याने गाडी परत पाठवली. पेटीवाला शांतपणे म्हणाला, "साहेब, पगार मागायला इकडेच येणार ना?" पुढचा पगार आणखी लांबला. त्यानंतरच्या गाडीचं त्याने काय केलं ते त्याने मला सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, पुढचं सगळं त्याचा खुलासा समजा: सरकारी कामावरच्या इंजिनिअरचा पगार हा त्याचा खासगी प्रश्न नाही. तो कामाच्या दर्जाचा प्रश्न आहे, म्हणून तो टेंडरमध्येच लिहिलेला असला पाहिजे.

आधी मजुराचा नियम बघू. कारण मजुराच्या मजुरीचा विचार सरकारी कंत्राटात फार जुना आहे. १८९१ साली इंग्लंडच्या हाऊस ऑफ कॉमन्सने ठराव केला, की सरकारी कंत्राट घेणाऱ्याने त्या धंद्यात चालू असलेली मजुरी दिली पाहिजे. अमेरिकेत १९३१ मध्ये डेव्हिस-बेकन कायदा आला, त्यात केंद्र सरकारच्या बांधकामांवर त्या भागातली प्रचलित मजुरी बांधून दिली. १९४९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सरकारी कंत्राटांतल्या कामगार-अटींवर स्वतंत्र करारच केला, क्रमांक ९४. या सगळ्यामागचं तत्त्व साधं आहे. सरकार सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. या गिऱ्हाइकाने 'जो सर्वात स्वस्त त्याला काम' असं म्हटलं, की स्वस्त होण्याची स्पर्धा शेवटी माणसाच्या मजुरीवर येऊन थांबते. सिमेंटचा भाव कंपनी ठरवते, सळईचा बाजार ठरवतो, डिझेलचा पंप ठरवतो. दाबता येण्यासारखी वस्तू एकच उरते, ती म्हणजे माणूस!

आपल्याकडेही हा विचार झाला, आणि महाडकरांना तर त्याचा अभिमान वाटला पाहिजे. ज्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला, तेच १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. किमान वेतनाचं विधेयक त्यांनी १९४६ मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडलं. १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला. पुढे १९७० मध्ये कंत्राटी कामगारांचा कायदा आला. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने ती द्यायची आणि ठेकेदाराकडून वसूल करायची, अशी चांगली तरतूद त्यात होती. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या, म्हणजे सीपीडब्ल्यूडीच्या कंत्राटाच्या अटी उघडून बघा. ठेकेदाराने थेट लावलेल्या किंवा सब-कॉन्ट्रॅक्टरमार्फत लावलेल्या मजुराला 'रास्त मजुरी' मिळालीच पाहिजे, असं कलम १९ ब मध्ये लिहिलेलं आहे. साखळी कितीही लांब असो, मजुरीची जबाबदारी वरच्याच्या गळ्यात.

हे सगळं प्रत्यक्षात किती पाळलं जातं हा वेगळा विषय. पण निदान कागदावर तरी आहे. मजूर लेबर ऑफिसात गेला तर त्याच्या हातात दाखवायला एक ओळ आहे.

आता इंजिनिअरकडे वळू. त्याच सीपीडब्ल्यूडीच्या अटींमध्ये कलम ३६ आहे. कामाच्या रकमेप्रमाणे ठेकेदाराने किती पदवीधर आणि किती पदविकाधारक इंजिनिअर साइटवर ठेवायचे, त्यांना अनुभव किती हवा, हे ठरवून दिलेलं असतं. आणि इंजिनिअर ठेवला नाही तर दर महिन्याला ठेकेदाराकडून किती रुपये वसूल करायचे, तो आकडासुद्धा परिशिष्टात छापलेला असतो.

म्हणजे गंमत बघा. इंजिनिअर साइटवर *नसला* तर त्याची किंमत किती, हे सरकारला माहीत आहे. तो *असला* तर त्याला किती द्यायचे, याबद्दल मात्र एक अक्षर नाही! दंड लिहिलाय, पगार लिहिलेला नाही. मग ठेकेदार हिशोबी माणूस, तो काय करणार? दंडापेक्षा स्वस्तात मिळणारा इंजिनिअर शोधणार. आणि तो मिळतो. दरवर्षी जूनमध्ये आपल्यासारख्या कॉलेजांतून ताजा माल बाहेर पडतोच.

एस्टिमेटिंगच्या पेपरला आपण रेट अॅनालिसिस करतो ना? आठवा. एक घनमीटर काँक्रीटला गवंडी किती, मजूर किती, भिस्ती किती, सगळं दशांश चिन्हापर्यंत येतं. सिमेंटच्या गोण्या येतात, मिक्सरचे तास येतात. शेवटी एक ओळ असते, 'ठेकेदाराचा नफा व ओव्हरहेड', सीपीडब्ल्यूडीच्या पद्धतीत १५ टक्के. साइट इंजिनिअर कुठे आहे? तो त्या ओव्हरहेडमध्ये आहे! साइट ऑफिसचं भाडं, जीपचं डिझेल, चहापाणी आणि इंजिनिअर, सगळे एका गाठोड्यात. टेंडर १५-२० टक्के 'बिलो' गेलं की सगळ्यात आधी हेच गाठोडं हलकं करतात. पंधरा टक्क्यांच्या गाठोड्यातून वीस टक्के काढायचे म्हटल्यावर आत काय उरणार, हे गणित बारावीचा पोरगाही करील.

कन्सल्टन्सीच्या कामात तऱ्हा थोडी वेगळी. तिथे टीम लीडर, ब्रिज इंजिनिअर, मटेरियल इंजिनिअर यांचे बायोडेटा टेंडरला जोडतात, त्यावर गुण मिळतात. हायवेच्या कामांसाठी तर 'इन्फ्राकॉन' नावाच्या पोर्टलवर माणसांची नोंदणी असते. दर माणसामागे दर महिन्याचा दर भरायचा, त्याला 'मॅन-मंथ रेट' म्हणतात. म्हणजे इथे आकडा लिहिलेला आहे. पण तो सरकारने कंपनीला द्यायचा दर आहे. त्यातले किती त्या माणसाच्या खात्यात पडले, हे तपासण्यासाठी काँक्रीटच्या क्यूब टेस्टसारखी कुठली टेस्ट नाही. सात दिवसांची नाही, अठ्ठावीस दिवसांची तर नाहीच नाही.

कोणी म्हणेल, आता नवे कायदे आलेत ना? आलेत. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यात आपल्या कामाच्या गोष्टी खरोखरच आहेत. वेतन संहितेत 'कर्मचारी' या शब्दात पर्यवेक्षक, तांत्रिक, अगदी व्यवस्थापकसुद्धा येतो. म्हणजे किमान वेतन आणि वेळेवर पगार हे हक्क आता इंजिनिअरलाही आहेत. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. नोकरी सोडली किंवा काढून टाकलं तर कामाच्या दोन दिवसांत हिशोब. थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. प्रत्येकाला नेमणूकपत्र देणंही दुसऱ्या एका संहितेने बंधनकारक केलं आहे.

पण फट राहिलीच. ठेकेदाराने बुडवलं तर मूळ मालकाने द्यायचं, ही जी खरी दमदार तरतूद, ती आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहितेच्या कलम ५५ मध्ये आहे, आणि ती 'कंत्राटी कामगारा'साठी आहे. 'कामगार' कोण? पर्यवेक्षकाचं काम करणारा आणि महिना १८ हजारांपेक्षा जास्त पगार घेणारा माणूस त्या व्याख्येतून बाहेर! आता साइट इंजिनिअरला ऑर्डर लेटरवर काय म्हणतात? 'साइट सुपरवायझर'. एकोणीस हजार पगार आणि सुपरवायझर हे बिरुद, की झालात तुम्ही साहेब. मग मजुराचं संरक्षणही नाही आणि सरकारी इंजिनिअरची वेतनश्रेणीही नाही. धड ना इकडचा, धड ना तिकडचा.

किमान वेतनाचंही तसंच. केंद्राच्या अखत्यारीतल्या बांधकामांसाठी १ ऑक्टोबर २०२४ पासून जे दर लागू झाले, त्यात 'अ' वर्गाच्या शहरांत अतिकुशल कामगाराला दिवसाला १,०३५ रुपये, म्हणजे महिना २६,९१० रुपये धरले होते. लहान गावांत दर कमी असतात, मान्य. पण चार वर्षं एम-थ्री आणि स्ट्रक्चरच्या केट्या सोडवून जो बाहेर पडतो, त्याच्यासाठी 'व्यावसायिक' म्हणून वेगळा काही आकडा नाही. ज्यांच्या कामावर त्याने देखरेख करायची, त्यांच्याच दराच्या यादीत त्याने आपली ओळ शोधायची. गवंड्याला जास्त मिळतात याचं मला दुःख नाही, त्याच्या हातात कसब आहे. दुःख याचं की इंजिनिअरच्या सहीला किंमत नाही आणि जबाबदारी मात्र पूर्ण आहे.

जबाबदारीचं म्हणाल तर महाडकरांना ते शिकवायची गरज नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल पडला, एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडात तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली, १६ जण गेले. ती इमारत खासगी होती आणि पूल जुना होता. या दोन्हींचा पगाराशी संबंध आहे असं मी म्हणत नाही. मला एवढंच दाखवायचंय, की तारिक गार्डननंतर गुन्हा दाखल झाला त्यात बिल्डरबरोबर आर्किटेक्ट आणि आरसीसी कन्सल्टंटही होते. म्हणजे बांधकाम पडल्यावर तांत्रिक माणसाचा शोध नावानिशी घेतला जातो, आणि घेतलाच पाहिजे. याच महाड तालुक्यातल्या रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे. गड बांधणाऱ्याचं नाव दगडावर राहिलं. आजच्या साइट इंजिनिअरचं नाव फक्त पोअर कार्डवर राहतं, तेही काही बिघडलं तर शोधायला. ज्याचं नाव शोधायला लागतं, त्याचा पगार शोधायला काय हरकत आहे?

अमेरिकेत हा प्रश्न एकदा अगदी याच स्वरूपात उभा राहिला होता. सरकारी सेवा-कंत्राटं ठरावीक वर्षांनी पुन्हा टेंडरला निघायची. नवा ठेकेदार स्वस्त दर भरून काम घ्यायचा आणि त्याच जुन्या इंजिनिअरांना, शास्त्रज्ञांना कमी पगारात ठेवून घ्यायचा. माणूस तोच, टेबल तेच, पगार कमी! मजुरांना कायद्याचं संरक्षण होतं, या 'व्यावसायिकां'ना नव्हतं. तेव्हा १९७८ मध्ये तिथल्या केंद्रीय खरेदी धोरण कार्यालयाने नियम केला, की मोठ्या सेवा-कंत्राटासाठी टेंडर भरताना व्यावसायिक कर्मचाऱ्यांना पगार आणि इतर लाभ किती देणार याचा संपूर्ण आराखडा जोडायचा. सरकार तो तपासणार. आकडे अवास्तव कमी असतील, तर या ठेकेदाराला कामाची गुंतागुंत कळलेलीच नाही असा अर्थ काढता येईल. नियमाचं हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं. कमी पगार म्हणजे काटकसर नव्हे, ती अडाणीपणाची खूण!

आता आक्षेपांना उत्तरं. मीही व्हायवाची तयारी करूनच आलोय.

पहिला आक्षेप, "काम महाग होईल." किती? हिशोब करू. दहा कोटींचं काम, मुदत १८ महिने, चार इंजिनिअर. महिना १८ हजारांनी पगार होतात १२ लाख ९६ हजार. तेच ३५ हजारांनी केले तर २५ लाख २० हजार. फरक १२ लाख २४ हजारांचा, म्हणजे दहा कोटींच्या जेमतेम सव्वा टक्का. ज्या राज्यात वीस-वीस टक्के बिलोची टेंडरं डोळे मिटून मंजूर होतात, तिथे सव्वा टक्का जड का वाटावा? एक पिअर कॅप फोडून पुन्हा ओतायची वेळ आली, तर हा फरक तिथेच निघून जाईल.

दुसरा आक्षेप, "ठेकेदारालाच बिल मिळत नाही, तो तरी कुठून देणार?" हा आक्षेप खोटा नाही. २०२५ मध्ये राज्यातल्या ठेकेदारांनी थकीत बिलांसाठी आंदोलनं केली, ती आपण पेपरात वाचली. लहान पेटीवाला बिचारा स्वतःच्या बायकोचे दागिने ठेवून मजुरी भागवतो, असेही मी पाहिलेत. पण म्हणूनच इंजिनिअरचा पगार आरए बिलाच्या शेपटाला बांधू नये. मजुराची हजेरी काय, इंजिनिअरचा महिना काय, पूल किती मीटर झाला त्यावर पोट थांबत नाही.

तिसरा आक्षेप आपल्याच घरातला आणि आपल्याच सीनिअरांचा, "अरे, सुरुवातीला अनुभव मिळतोय ना!" अनुभव मिळतो, कबूल. पण मेसवाला महिनाअखेर अनुभव घेत नाही, पैसेच घेतो. एज्युकेशन लोनचा हप्ताही अनुभवात भरता येत नाही.

मग करायचं काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी.

एक, टेंडरच्या एस्टिमेटमध्ये तांत्रिक मनुष्यबळ ओव्हरहेडच्या गाठोड्यातून बाहेर काढून स्वतंत्र बाब करावी. दर सरकारने ठरवावा, आणि त्या बाबीवर 'बिलो' चालू नये.

दोन, ही रक्कम दर महिन्याला, आरए बिलाची वाट न बघता द्यावी. इंजिनिअरच्या बँक खात्यात पगार जमा झाल्याचा कागद जोडल्याशिवाय ठेकेदाराला पुढच्या महिन्याची रक्कम मिळू नये. क्यूब टेस्टचा रिपोर्ट जोडल्याशिवाय काँक्रीटचं बिल निघत नाही, तसंच.

तीन, ही अट साखळीत खालपर्यंत उतरावी. सब-कॉन्ट्रॅक्टर असो, पेटी असो वा मॅनपॉवर एजन्सी, इंजिनिअरचा पगार बुडला तर मूळ ठेकेदाराने आणि शेवटी त्या सरकारी खात्याने तो द्यावा. मजुरासाठी हे तत्त्व १९७० पासून मान्य आहे. इंजिनिअरला त्यात घ्यायला १८ हजारांची रेघ आड येऊ नये.

चार, कलम ३६ सारख्या अटीत वसुलीच्या आकड्याशेजारी किमान पगाराचाही आकडा छापावा. एका ओळीची छपाई आहे.

हे अशक्य आहे असं कोणी म्हणू नये. सावित्रीचा पूल पडल्यावर नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ ला खुला झाला. कंत्राटात मुदतीची अट घातली आणि ती पाळली गेली, ही आपल्या महाडची गोष्ट आहे. वेळेची अट पाळून घेता येते, तर पगाराचीही येते. इच्छा पाहिजे.

स्टाफरूममध्ये हा लेख वाचला जाणार हे मला माहीत आहे, म्हणून दोन ओळी सरांसाठी आणि मॅडमसाठी. हा प्रश्न फक्त साइटचा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या बाजूने निकाल दिला. त्यांना महिना ३० हजार मिळत होते आणि तेच काम करणाऱ्या कायम प्राध्यापकांना लाखाच्या वर. आपल्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणारे सर एका तासाहून दुसऱ्या तासाला धावताना आम्ही रोज बघतो. जे आम्हाला शिअर फोर्सचा डायग्राम शिकवतात, त्यांच्याच पगाराचा डायग्राम शून्यावर येऊ नये, एवढीच आमची इच्छा. एक विनंतीही आहे. ट्रेनिंग अँड प्लेसमेंटच्या बोर्डवर कंपनीच्या नावाखाली पॅकेज लिहिता, तिथे आणखी एक ओळ लिहावी: 'पगार कोणाच्या पेरोलवर?' आणि माजी विद्यार्थ्यांकडून, नाव गुप्त ठेवून, पगार वेळेवर होतो का याची वर्षातून एकदा विचारणा व्हावी. याला खर्च शून्य आहे.

राहिलो आपण. नियम बदलेपर्यंत आपण काही हातावर हात ठेवून बसायचं नाही. जॉइन होताना नेमणूकपत्र मागा, आणि त्यावर तुम्हाला पगार देणारा नक्की कोण ते वाचा. पदाचं नाव वाचा. 'सुपरवायझर' लिहिलं असेल तर काम तांत्रिक स्वरूपाचं आहे, हे पत्रात नमूद करायला सांगा. पगाराची स्लिप दर महिन्याला घ्या. पीएफ कापत असतील तर यूएएनच्या पासबुकात तो खरंच भरला जातो का ते मोबाइलवर बघा, दोन मिनिटांचं काम आहे. मूळ मार्कशीट आणि सर्टिफिकेट कोणाच्याही कपाटात 'जमा' करू नका. पगार थकला तर तोंडी भांडू नका, ई-मेल करा, कारण पुढे दाव्याला कागदच लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकमेकांना खरा आकडा सांगा! आपण लाजेने आकडा लपवतो आणि त्या लाजेवरच पुढच्या बॅचचा पगार ठरतो.

दादासारखा एकटा मुलगा रात्री दोन वाजता गाडी परत पाठवतो तेव्हा त्याच्या मागे कोणीतरी उभं असायला हवं, एखादा नियम, एखादी ओळ, निदान खात्यात पडलेला मागच्या महिन्याचा पगार. महाड-पोलादपूरच्या पुलांवरून, बोगद्यातून उद्या आपलीच एसटी जाणार आहे, त्यात आपलीच माणसं बसलेली असणार आहेत. 'हे काँक्रीट चालणार नाही' असं म्हणायची ताकद इंजिनिअरच्या अंगात कॉलेज घालतं, पण ती टिकते पगारावर. म्हणून टेंडर काढणाऱ्या सर्व साहेबांना, ज्यांच्यातले बरेच जण कधीकाळी अशाच एखाद्या हॉस्टेलात राहिलेत, एका सिव्हिलवाल्याची नम्र विनंती: दंड लिहिलाच आहे, त्याच्या शेजारी पगारही लिहा.